क्रिडेन्शियल गार्ड बंद करण्याआधी : कंपन्यांच्या आयटी प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
लहानमोठ्या सर्व कंपन्यांचे आयटी प्रमुख



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या तारखेच्या आगेमागे तुमच्यापैकी अनेकांनी ऑफिसातले लॅपटॉप विंडोज ११ वर नेले. कुणी शनिवार-रविवार गाठून एका दमात नेले, कुणी विभागवार. सोमवारी सकाळी काय झालं ते तुम्हाला तिकिटांच्या तक्त्यातून कळलं, आम्हाला ते हेल्पडेस्कच्या रांगेत दिसलं. कंपनीचं वाय-फाय निवडलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘या नेटवर्कला जोडता येत नाही’ एवढंच वाक्य उमटतं. पासवर्ड बरोबर असतो. त्याच माणसाचा फोन त्याच वाय-फायवर बिनघोर चालू असतो. शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपलाही काही झालेलं नसतं. मग माणूस मोबाइलचा हॉटस्पॉट लावून कामाला लागतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धा मजला हॉटस्पॉटवर आलेला असतो.

मी नेटवर्क सपोर्टच्या दुसऱ्या फळीत काम करते. हेल्पडेस्कला न सुटलेलं तिकीट माझ्याकडे येतं. वाय-फाय बंद पडलं हे सांगायला मी लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचं आहे त्यावरच्या सगळ्यात लोकप्रिय इलाजाबद्दल. रजिस्ट्रीतली एक नोंद शून्य करायची, लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, वाय-फाय चालू, तिकीट बंद. दोन मिनिटांचं काम. या शून्याने क्रिडेन्शियल गार्ड नावाचं संरक्षण बंद होतं. माझी विनंती अशी की हा इलाज करू नका, आणि नाइलाजाने केलाच असेल तर तो कुठल्या तारखेला मागे घ्यायचा ते आजच ठरवा.

घरच्या वाय-फायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असतो. ऑफिसात प्रत्येकाची ओळख वेगळी पटवावी लागते, आणि त्यासाठी ८०२.१एक्स हे मानक वापरलं जातं. लॅपटॉपने जोडणी मागितली की अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतः काहीच ठरवत नाही, तो निरोप आत रेडियस सर्व्हरकडे पोचवतो. सर्व्हर आधी स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो. ते लॅपटॉपला पटलं की दोघांमध्ये एक कूटबद्ध बोगदा तयार होतो आणि त्या बोगद्यातून माणसाची ओळख तपासली जाते. अनेक ऑफिसांत बोगद्यातली ही तपासणी पासवर्डवर चालते. बोगद्याचं नाव पीईएपी, आतल्या पद्धतीचं नाव एमएस-चॅप व्ही२. लोकांना ती आवडते, कारण सकाळी लॅपटॉप उघडताना दिलेला पासवर्डच विंडोज आपणहून वाय-फायपुढे करते, वेगळं काही टाइप करावं लागत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीने नेमकी हीच सोय मोडली. एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारात, हार्डवेअर पात्र असेल तर, क्रिडेन्शियल गार्ड आपोआप चालू होऊ लागलं. लॉगिन केल्यावर पासवर्डचा जो हॅश विंडोज मेमरीत धरून ठेवते, तो हे गार्ड व्हर्च्युअलायझेशनने वेगळ्या केलेल्या कप्प्यात ठेवतं. अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवलेल्या घुसखोर प्रोग्रामलाही तिथे हात घालता येत नाही. एका लॅपटॉपवरून हॅश उचलायचा, तो वापरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायचं, तिथून सर्व्हरपर्यंत पोचायचं, ही रॅन्समवेअरवाल्यांची जुनी वाट आहे. ती वाट अडवण्यासाठी हे गार्ड आहे. पण एमएस-चॅप व्ही२ ला तोच हॅश हवा असतो. तो मिळत नाही, ओळख अर्धवट राहते आणि चक्र फिरत बसतं. माणसाने पासवर्ड हाताने टाकला तर त्या वेळेपुरतं जोडलं जातं, मात्र तो पुढच्या वेळेसाठी जतन होत नाही. मायक्रोसॉफ्टने हा परिणाम आपल्या दस्तऐवजांत लिहून ठेवला आहे आणि पुढची वाटही सांगितली आहे : पासवर्डवरची पद्धत सोडा, सर्टिफिकेटवर चालणाऱ्या ईएपी-टीएलएसवर या.

एवढं कळलं की शेजारच्या टेबलाचं कोडं सुटतं. तिथला लॅपटॉप प्रो आवृत्तीचा असेल, किंवा त्याचं हार्डवेअर अपात्र असेल, किंवा कुणीतरी आधीच ग्रुप पॉलिसीने क्रिडेन्शियल गार्ड स्पष्टपणे बंद करून ठेवलेलं असेल. तसं असेल तर अपग्रेड ती निवड बदलत नाही. फोनमध्ये पासवर्ड स्वतंत्रपणे जतन केलेला असतो, त्यामुळे त्याला या भानगडीची झळच लागत नाही.

आता हेल्पडेस्कवर काय चालतं ते बघा. नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. ड्रायव्हर बदला. पासवर्ड रीसेट करा. तरी जमलं नाही तर लॅपटॉप रीइमेज करा. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. त्यात पासवर्ड रीसेटने नवीनच घोळ होतो. खिशातल्या फोनमध्ये जुना पासवर्ड असतो, तो फोन दर थोड्या वेळाने त्याच जुन्या पासवर्डने वाय-फायचं दार ठोठावतो आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपून त्या माणसाचं खातंच लॉक होतं. आता त्याचं वाय-फायही गेलं आणि ईमेलही गेलं. तिकीट एक होतं, त्याची दोन झाली.

निदान करायला फार वेळ लागत नाही, फक्त सुरुवात योग्य टोकाकडून व्हायला हवी. पहिला प्रश्न एकच : नकार कोणी दिला, सर्व्हरने की लॅपटॉपने? मायक्रोसॉफ्टचा नेटवर्क पॉलिसी सर्व्हर असेल तर प्रत्येक नकाराची नोंद सिक्युरिटी लॉगमध्ये ६२७३ या क्रमांकाखाली पडते आणि सोबत कारणाचा क्रमांक असतो. कारण १६ म्हणजे दिलेली ओळख जुळली नाही. कारण ४८ म्हणजे त्या जोडणीला लागू होणारं धोरणच सापडलं नाही. पहिल्यात खात्याकडे आणि पासवर्डकडे बघायचं, दुसऱ्यात सर्व्हरच्या धोरणांकडे. आणि सर्व्हरवर त्या वेळेला नकार नोंदलेलाच नसेल तर बोलणं बहुधा लॅपटॉपनेच अर्ध्यावर सोडलेलं असतं. अशा वेळी सर्व्हर उकरून काही हाती लागत नाही.

मग लॅपटॉपकडे वळायचं. सिस्टिम इन्फर्मेशनची खिडकी उघडली की खालच्या बाजूला व्हर्च्युअलायझेशनवर आधारित कोणत्या सुरक्षा सेवा चालू आहेत ते दिसतं. तिथे क्रिडेन्शियल गार्डचं नाव असेल आणि वाय-फायचं प्रोफाइल पीईएपीचं असेल, तर बव्हंशी निदान झालं. विंडोजमध्ये वाय-फायचा अहवाल काढायचीही सोय आहे. अ‍ॅडमिन म्हणून एक आज्ञा दिली की गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक जोडणी, प्रत्येक तुटणं आणि त्याचं कारण ब्राउजरमध्ये वाचता येतं. ड्रायव्हरला हात लावण्याआधी तो अहवाल उघडायची सवय हेल्पडेस्कला लागली, तर माझ्याकडे येणारी निम्मी तिकिटं वाटेतच सुटतील.

प्रत्येक वेळी कारण क्रिडेन्शियल गार्डच असतं असं नाही. २२एच२ पासूनच विंडोज ईएपीसाठी टीएलएस १.३ वापरू लागली. रेडियस सर्व्हर जुना असेल, टीएलएस १.३ येतं म्हणून सांगत असेल आणि प्रत्यक्षात अडखळत असेल, तर ज्यांनी पासवर्ड केव्हाच सोडून सर्टिफिकेट स्वीकारलं त्यांचीही जोडणी तुटते. तिथे इलाज सर्व्हर अद्ययावत करणं हाच. कधी बदल सर्व्हरच्या बाजूने येतो. मे २०२२ च्या अपडेटपासून डोमेन कंट्रोलर सर्टिफिकेट आणि खातं यांची सांगड अधिक कडकपणे तपासू लागले, आणि ११ फेब्रुवारी २०२५ च्या अपडेटपासून ही सक्ती सर्वसाधारणपणे लागू झाली. ज्यांच्या सर्टिफिकेटमध्ये खात्याचा सुरक्षा-ओळखक्रमांक नव्हता, त्यांना नकार मिळू लागले. लॅपटॉपवर काहीच बदललं नव्हतं, तरी लोक लॅपटॉपच रीइमेज करत बसले. फोनच्या जगातही हेच घडलं. आयओएस १४ ने २०२० मध्ये प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, कृत्रिम मॅक पत्ता द्यायला सुरुवात केली आणि मॅक पत्त्यांच्या यादीवर विसंबलेल्या ऑफिसांची यादी कुचकामी ठरली.

आणि कधीकधी चूक खरोखर ऑपरेटिंग सिस्टिमचीच असते. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर काही लॅपटॉप ८०२.१एक्स वापरणाऱ्या ऑफिसांच्या आणि विद्यापीठांच्या वाय-फायला जोडले जाईनात, घरच्या वाय-फायवर मात्र ते नीट चालत. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला आणि तो बदल मागे घेतला. अशा वेळी थांबणं हाच शहाणपणा असतो. म्हणून ज्ञात दोषांची अधिकृत यादी रोज सकाळी कुणीतरी वाचायला हवी, आणि ते कुणाचं काम आहे हे कागदावर ठरलेलं हवं.

आता मूळ मुद्दा. क्रिडेन्शियल गार्ड बंद केल्याने बिघडतं काय?

एमएस-चॅप व्ही२ ही पद्धत गेल्या शतकातली आहे. ब्रूस श्नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच तिच्या कमजोरीवर बोट ठेवलं होतं. २०१२ मध्ये लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं, की या पद्धतीतला कोणताही संवाद पकडला तर त्यामागचा हॅश शोधणं म्हणजे ५६ बिटांची एकच डीईएस किल्ली शोधणं, आणि खास बनवलेल्या यंत्राला त्यासाठी एक दिवसही लागत नाही. पासवर्ड कितीही लांबलचक असला तरी फरक पडत नाही. तेव्हापासून या पद्धतीचा सगळा भार बाहेरच्या बोगद्यावर आहे, आणि बोगदा भक्कम आहे की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं : लॅपटॉप किंवा फोन सर्व्हरचं सर्टिफिकेट खरोखर तपासतो का.

इथे आपलं ऑफिस नापास होतं. गेटबाहेर चहाच्या टपरीशी एक माणूस बॅग घेऊन उभा आहे असं समजा. बॅगेत छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट आहे आणि त्याला त्याने तुमच्या कंपनीच्या वाय-फायचं नाव दिलं आहे. चहा प्यायला खाली आलेल्यांचे फोन ते नाव ओळखीचं म्हणून आपोआप जोडू बघतात. सर्टिफिकेट तपासत नसलेला फोन त्या बॅगेतल्या सर्व्हरशी बोगदा बांधतो आणि आत एमएस-चॅपचा संवाद देऊन मोकळा होतो. मालकाच्या हातात चहाचा ग्लास असतो, फोन खिशात असतो, त्याला काही कळतही नाही. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे डोमेनचा पासवर्ड, आणि डोमेनच्या पासवर्डवर ईमेल, फाइली, पगारपत्रक सगळं चालतं. ‘सर्टिफिकेट तपासू नका’ हा पर्याय अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटने पिक्सेल फोनमधून काढून टाकला तो यासाठीच. त्या वेळीही अनेक ठिकाणी अपडेटलाच दोष दिला गेला.

लॅपटॉप निदान विचारतो तरी. पहिल्यांदा जोडताना विंडोज सांगते की हे नेटवर्क इथे अपेक्षित असेल तरच पुढे जा, नाहीतर हे त्याच नावाचं दुसरं नेटवर्क असू शकतं. इतका स्पष्ट इशारा असतो. आणि हेल्पडेस्कच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं : ‘मेसेज आल्यास कनेक्टवर क्लिक करा.’ धोक्याची सूचना न वाचता पुढे जायचं शिक्षण आपणच आपल्या माणसांना देतो, आणि वर्षातून एकदा फिशिंगच्या प्रशिक्षणाला तासभर बसवतो.

म्हणजे पासवर्डची पद्धत दुबळी, तिचा बोगदा न तपासलेला, आणि आता तिच्यासाठी लॅपटॉपवरचं चांगलं चालणारं संरक्षणही काढायचं. घरातल्यांना कडी उघडायला त्रास होतो म्हणून दरवाजाच काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे.

तुमची बाजू मला कळते. सर्टिफिकेटची यंत्रणा उभारायला माणसं लागतात, वेळ लागतो. गोदामातले जुने स्कॅनर आणि प्रिंटर ईएपी-टीएलएस बोलतच नाहीत. लेखापरीक्षण तोंडावर असताना वाय-फायचे प्रयोग कोण करणार? सगळं खरं आहे. पण विंडोज सर्व्हर असलेल्या कंपनीकडे सर्टिफिकेट देणारी सेवा त्याच सर्व्हरचा भाग म्हणून पडून असते. डोमेनमधल्या लॅपटॉपला ग्रुप पॉलिसीने सर्टिफिकेट आपोआप देता येतं, त्यासाठी कुणाच्या टेबलाशी जावं लागत नाही. जुन्या स्कॅनरांसाठी वेगळं, तुटपुंज्या अधिकारांचं नेटवर्क करा. त्यांच्यामुळे सगळ्या ऑफिसची सुरक्षा खाली आणायचं कारण नाही.

सर्टिफिकेट एकदा बसवलं की झालं, असंही नाही. त्यांची मुदत संपते आणि ती नेमकी सुट्टीच्या दिवशी संपते. रेडियस सर्व्हरसाठी बाहेरच्या सार्वजनिक संस्थेचं सर्टिफिकेट घेत असाल तर सांभाळा. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार अशा सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून अवघी ४७ दिवस होते. दर काही आठवड्यांनी सर्टिफिकेट बदलायचं आणि प्रत्येक वेळी लोकांना नवा इशारा दाखवायचा, हे जमणारं नाही. वाय-फायसाठी कंपनीची स्वतःची सर्टिफिकेट संस्था बरी.

कायद्याचंही बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा-उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हातातलं संरक्षण सोयीसाठी बंद केलं होतं, हे उत्तर वाजवीपणाच्या कसोटीला कसं उतरेल याचा विचार तुमच्या कायदा विभागासोबत करा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. त्या जपून ठेवता तशा उघडूनही बघा. वर सांगितलेलं ६२७३ त्यांतच आहे.

हे सगळं हेल्पडेस्कवरच्या मुलांना कळत नाही असं नाही. त्यांचं काम तिकीट किती मिनिटांत बंद झालं यावर मोजलं जातं. बरीचशी मुलं कंत्राटी आहेत, आकडा घसरला की फोन येतो. अशा ठिकाणी दोन मिनिटांचा चुकीचा इलाज दोन दिवसांच्या बरोबर इलाजाला दर वेळी हरवणार. त्या शून्याला जबाबदार ते मोजमाप आहे, आणि मोजमाप तुम्ही ठरवता.

म्हणून माझ्या मागण्या.

एक. अपग्रेडआधी चाचणी गट नेमा आणि त्यात फक्त आयटीची माणसं नकोत. प्रत्येक मॉडेलचा आणि प्रत्येक आवृत्तीचा एक तरी लॅपटॉप असू दे. आज रुजू झालेल्या माणसाने नव्या लॅपटॉपवर, केबल न लावता, पहिलं लॉगिन करून बघायचं ही चाचणी सक्तीची करा. जुन्या माणसाचं लॉगिन लॅपटॉपच्या आठवणीवर होऊन जातं, नव्याला त्या क्षणी नेटवर्क लागतंच.

दोन. दुरुस्ती पोचवायची दुसरी वाट ठेवा. वाय-फायची नवी पॉलिसी नेटवर्कवरूनच येते, आणि लॅपटॉपला नेटवर्क नसतं म्हणून तर तो अडलेला असतो. आजच्या पातळ लॅपटॉपना केबलची खाच नसते. प्रत्येक मजल्यावर यूएसबीला लागणारे लॅन अ‍ॅडॉप्टर आणि चालू असलेले दोन-चार पोर्ट हवेत. ते अ‍ॅडॉप्टर कुणाच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये नकोत.

तीन. वाय-फायच्या प्रोफाइलमध्ये रेडियस सर्व्हरचं नाव आणि विश्वासू सर्टिफिकेट संस्था पक्की करा, म्हणजे तो इशारा कुणाला दिसणारच नाही. सूचनापत्रातलं ‘कनेक्टवर क्लिक करा’ हे वाक्य आजच खोडा.

चार. ईएपी-टीएलएसवर जायची तारीख जाहीर करा. तोवर ज्या लॅपटॉपवर क्रिडेन्शियल गार्ड बंद ठेवावं लागेल त्यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे कारण, मंजुरी देणारा आणि शेवटची तारीख असू द्या. सर्टिफिकेटच्या मुदतीची नोंद किमान दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये हवी.

पाच. तिकीट बंद करताना मूळ कारण लिहिणं बंधनकारक करा आणि कारण शोधायला लागलेला वेळ हेल्पडेस्कच्या आकड्यांतून वगळा.

सहा. अपग्रेडच्या आदल्या आठवड्यात लोकांना साध्या भाषेत एक पान पाठवा : काय बदलणार, वाय-फाय गेलं तर कुठे जायचं, आणि हॉटस्पॉटवर कंपनीच्या फाइली का उघडू नयेत. मराठी वाचणारी माणसं असतील तिथे ते मराठीत पाठवा. शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर इंग्रजी परिपत्रक न वाचताच पुढे ढकलतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

यातलं बरंचसं काम खर्चाचं कमी आणि निर्णयाचं जास्त आहे. सुरुवात पुढच्या आठवड्याच्या बैठकीतच होऊ शकते. तिथे एवढंच विचारा : आपल्या किती लॅपटॉपवर क्रिडेन्शियल गार्ड बंद आहे, ते कोणी बंद केलं आणि ते कधी चालू होणार? उत्तरात आकडा, नाव आणि तारीख मिळाली तर उत्तम. ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं, तर कुणी आणि कधीपर्यंत बघायचं ते उठण्याआधी ठरवा.

आपली विश्वासू,
नेटवर्क सपोर्टच्या दुसऱ्या फळीतली एक अभियंता